निर्विकल्पाचे दप्तर

डिजिटल कॅमेऱ्याच्या रॉ फाईलचे पाहण्याजोग्या चित्रात रूपांतर करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर पत्करावे, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा वाटतो, आणि किंमत, वेग व सोय यांचा ताळा जमला की तो निकालात निघतो अशीच पुष्कळांची समजूत असते. परंतु जो कोणी एकच फाईल दोन निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत उघडून, कोठेही हात न लावता, निघालेली दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवील, त्याला त्या दोहोंतील आकाशाची निळाई, कातडीचा वर्ण आणि सावलीची खोली ही भिन्न असल्याचे दिसून आल्यावाचून राहणार नाही, आणि मग साहजिकच तो विचारील की यांतले खरे कोणते. हा प्रश्न एकदा उभा राहिला की तो दुकानदाराच्या अखत्यारीतला राहत नाही. प्रत्यक्ष कशाला म्हणावे, आणि पाहणाऱ्याने घातलेली भर पाहिलेल्या वस्तूपासून निराळी कशी काढावी, या आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके चालवलेल्या वादाच्या हद्दीत तो येतो, आणि त्याचा निवाडाही तेथेच झाला पाहिजे असे मला वाटते.

प्रथम त्या फाईलीत असते काय ते पाहू. कॅमेऱ्यातील सेन्सर रंग जाणत नाही. आपल्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला याचे मोजमाप तेवढे तो करतो. रंगाची व्यवस्था लागावी म्हणून प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी बसवलेली असते, आणि ती अशा बेताने की चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक तांबडा व एक निळा यावा. ही रचना ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ साली मंजूर झाले आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. याचा अर्थ असा की २४ मेगापिक्सेलच्या फाईलीत खरोखर मोजलेले आकडे २ कोटी ४० लाखच असतात, आणि तयार चित्रात मात्र प्रत्येक बिंदूला तिन्ही रंगांचे आकडे लागत असल्यामुळे त्यांची संख्या ७ कोटी २० लाखांवर जाते. मधले ४ कोटी ८० लाख आकडे कोणी कधी मोजलेलेच नसतात, ते शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने काढलेले असतात. शिवाय १४ बिटांची नोंद असेल तर ती शून्यापासून १६,३८३ पर्यंत, प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत जाते. माणसाचा डोळा तसा सरळ प्रमाणात पाहत नाही, म्हणून ती नोंद एका वक्ररेषेतून उजळून घ्यावी लागते. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून लिहीत आणलेली ‘डीसीरॉ’ नावाची एक आज्ञावली आहे, जिच्या पायावर पुढची कितीतरी सॉफ्टवेअरे उभी राहिली. तिच्यात ‘डॉक्युमेंट मोड’ अशी एक सोय आहे, आणि तीमधून फाईल काढली तर हाती येते ते एक रंगहीन, ठिपक्याठिपक्यांचे, जाळीदार पटल. कॅमेऱ्यातून तयार होऊन निघणाऱ्या जेपेगच्या बंधनातून सुटून ‘अस्सल’ पाहण्यासाठी जो रॉकडे वळला, त्याने ते पटल एकदा तरी डोळ्यांखालून घालावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण ते पाहिल्यावर रॉ फाईल म्हणजे अस्पर्शित सत्य होय ही कल्पना मनात फार वेळ टिकत नाही.

न्यायदर्शनात प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार मानले आहेत. इंद्रियाचा वस्तूशी संनिकर्ष होताक्षणी, ‘हा अमुक’ अशी ओळख पटण्याच्या आधी, जे केवळ वस्तुमात्राचे ज्ञान होते ते निर्विकल्पक. आणि विशेष्य, विशेषण व त्यांचा संबंध यांची गाठ बसून ‘हा घट आहे’, ‘हा निळा आहे’ असे जे ज्ञान सिद्ध होते ते सविकल्पक. दिङ्नाग आणि त्याच्या परंपरेतील बौद्ध नैयायिक यांचा पक्ष असा की यांतले पहिलेच काय ते खरे प्रत्यक्ष, कारण त्यात कल्पनेचा लेश नसतो. नाम, जाती, गुण यांची योजना सुरू झाली की मन आपल्या पदरचे घालू लागते आणि वस्तू निसटते. रॉ फाईलीला सत्य आणि तिच्यावरील प्रत्येक संस्काराला भेसळ समजणारा आजचा छायाचित्रकार, त्याला ठाऊक असो वा नसो, या पक्षाचा अनुयायी आहे, आणि त्या पक्षाची थोरवी मी कमी लेखत नाही. परंतु विश्वनाथ पंचानन यांच्यासारख्या नव्यनैयायिकांनी सतराव्या शतकात जे मत निःसंदिग्धपणे मांडले ते मला या प्रश्नापुरते अधिक निर्णायक वाटते. त्यांच्या मते निर्विकल्पक ज्ञान हे स्वतः अनुभवाला येतच नाही, सविकल्पकाच्या आधाराने त्याचे अस्तित्व अनुमानावे लागते. आणि ते प्रमाही नव्हे आणि भ्रमही नव्हे. जेथे जे आहे तेथे ते आहे असे जाणणे ही जर प्रमा, आणि नाही तेथे ते आहे असे जाणणे हा जर भ्रम, तर जेथे ‘हे असे आहे’ हा प्रकारच उपस्थित झालेला नाही तेथे खरे-खोटे ठरवायचे कशाचे?

रॉ फाईलीची स्थिती हुबेहूब अशी आहे. तिच्यातील २ कोटी ४० लाख आकडे कशाविषयी काही म्हणत नाहीत. वस्त्र पांढरे होते, संध्याकाळ होती, चेहरा सावळा होता, यांतले एकही विधान तिच्यात नाही. ही विधाने रूपांतर करणारा करतो, आणि खरेपणाचा किंवा खोटेपणाचा दावा पहिल्यांदा त्याच्यावर लागू होतो. मोडी कागद वाचणाऱ्यांना ही अवस्था चांगली परिचित आहे: ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत, आणि म्हणून कागद अस्सल असूनही बाळबोधीत उतरवणाऱ्याच्या प्रत्येक ओळीमागे त्याचा स्वतःचा निर्णय असतो. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी अस्सल कागदाचा आग्रह धरला तो कागद आपण होऊन बोलतो अशा समजुतीने नव्हे. वाचनाविषयी शंका आली तर रुजुवात घेण्याला तो शिल्लक असला पाहिजे यासाठी. रॉ फाईलीचे मोल नेमके एवढेच आहे, आणि एवढे पुष्कळ आहे.

हे मान्य केले म्हणजे वृत्तछायाचित्रणाच्या क्षेत्रात मागे जे दोन परस्परविरुद्ध निर्णय झाले त्यांचा उलगडा होऊ लागतो. स्वीडिश छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांच्या गाझातील अंत्ययात्रेच्या छायाचित्राला २०१३ साली वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेचा सर्वोच्च मान मिळाला, आणि त्यानंतर ते चित्र अनेक चित्रे जोडून केले असल्याचा आरोप झाला. तेव्हा तज्ज्ञांनी रॉ फाईल समोर ठेवून तपासणी केली आणि जोडकाम नाही, छायाप्रकाश व रंग यांवरचे संस्कार तेवढे आहेत, असा निर्वाळा दिला. तेथे रॉ फाईल साक्षीला आली आणि तिने आपले काम चोख केले. उलट रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ च्या नोव्हेंबरात आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना कळवले की रॉ फाईलीपासून तयार केलेली चित्रे पाठवू नका, कॅमेऱ्यानेच तयार केलेले जेपेग पाठवा. वेगाची निकड आणि फेरफाराची धास्ती या दोन्ही गोष्टी रास्त होत्या हे मी मानतो. परंतु कॅमेऱ्यातील जेपेग हेदेखील एक रूपांतरच आहे. ते कारखान्यातील अभियंत्यांनी चित्र घेण्याच्या कित्येक महिने आधी, प्रसंग न पाहता, ठरवून ठेवलेल्या निर्णयांनुसार होते इतकेच. निर्णय करणारा समोर दिसत नाही म्हणून निर्णय झालाच नाही असे समजणे हा एक फार जुना आणि फार खोल भ्रम आहे. ज्याला आपण निःपक्षपात म्हणतो तो पुष्कळदा दूरस्थाचा पक्षपात असतो.

जेजुरीच्या सोमवती अमावास्येचे उदाहरण घेतले म्हणजे या निर्णयांचे वजन कळेल. खंडोबाची पालखी निघते, हळदीचा भंडारा उधळला जातो, आणि पायऱ्या, कमानी, माणसे, इतकेच नव्हे तर मधली हवादेखील पिवळी होते. आता कॅमेऱ्याची किंवा सॉफ्टवेअरची स्वयंचलित व्हाइट बॅलन्सची, म्हणजे प्रकाशाची छटा वजा करून पांढरे ते पांढरे दाखवण्याची, जी सर्वांत साधी पद्धत, ती असे गृहीत धरते की जगाची सरासरी राखाडी असते; चौकटीत एका रंगाचे आधिक्य आढळले की तो दोष प्रकाशाचा ठरवून ती त्याचा परिहार करते. डीसीरॉमध्ये संपूर्ण चित्राच्या सरासरीवरून व्हाइट बॅलन्स काढण्याचा जो पर्याय आहे तो याच गृहीतकाचा. त्याच्या हाती जेजुरी दिली तर तो सोन्याच्या जेजुरीची हळद निम्मीशिम्मी उतरवून ठेवतो आणि सावल्यांवर निळसर छटा पसरतो. त्याच्या दृष्टीने खंडोबाचा भंडारा म्हणजे दिव्याचा दोष. याच्या उलट, मध्यान्हीच्या उन्हाचा ठराविक व्हाइट बॅलन्स लावला तर पिवळेपणा शाबूत राहतो, पण वृद्ध भक्ताचे धोतरही पिवळे दिसते, आणि तेथे उभ्या असलेल्या माणसाचा डोळा तर भोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेऊन ते धोतर पांढरेच पाहत होता.

स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले असता स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो तांबडेपणा स्फटिकाचा नसून उपाधीचा आहे, हा आपल्या शास्त्रांतील ठरलेला दृष्टांत आहे. जेजुरीत त्याचीही पुरेशी मदत होत नाही, कारण धोतरावरचा पिवळेपणा काही अंशी हवेतील भंडाऱ्यातून गाळून आलेल्या प्रकाशाचा असतो, तर काही अंशी खरोखर त्या कापडावर बसलेल्या हळदीचा असतो. उपाधी किती आणि संयोग किती याची फोड फाईलीतील आकडे करून देत नाहीत. त्याखेरीज हळद निळा प्रकाश जवळजवळ सगळाच शोषून घेते, त्यामुळे नेहमीच्या अरुंद रंगपटात ती उतरवताना निळ्याचा आकडा शून्याखाली जातो, आणि सॉफ्टवेअरने तो नुसता शून्यावर आणून सोडला तर भंडाऱ्याच्या मुठीतला सारा पोत जाऊन एक सपाट पिवळा डाग उरतो. काही सॉफ्टवेअरे येथे रंगाचा गडदपणा थोडा सोडून पोत राखतात, काही पोत सोडून गडदपणा राखतात. दोन्ही निर्णय समर्थनीय आहेत. पण तेथे ज्याने देवाला भंडारा वाहिला त्याच्या अनुभवाविषयी काही म्हणायचे असेल, तर यांतला एक निवडून त्यामागे आपले नाव लावण्याची तयारी हवी, आणि कोणता निवडला हे पुढच्या माणसाला कळण्याची तजवीजही हवी.

येथून सॉफ्टवेअरच्या निवडीकडे वळतो. माझी कसोटी अशी की निर्णय कोण करतो, तो मला दिसतो काय, आणि तो मागे घेता येतो काय. मूळ फाईलीला धक्का न लावता सर्व फेरफारांची नोंद निराळी ठेवणे ही पद्धत आता जवळपास सर्वत्र रूढ झाली आहे, आणि ही मी या क्षेत्रातील सर्वांत मोठी नैतिक प्रगती समजतो. जैन तर्कशास्त्रात नय आणि दुर्नय यांत जो भेद केला आहे तो येथे तंतोतंत लागू पडतो: एका बाजूने वस्तूचे वर्णन करून अन्य बाजूंविषयी मौन राखणारा तो नय, आणि आपल्या बाजूखेरीज अन्य बाजूच नाही असे ठासणारा तो दुर्नय. मूळ फाईल जपून केलेले रूपांतर, मग ते कितीही धीट असो, नयाच्या मर्यादेत राहते, कारण दुसऱ्या कोणाला उद्या त्याच नोंदीतून वेगळे चित्र काढण्याचा मार्ग ते बंद करीत नाही. जेपेग ठेवून रॉ पुसून टाकली की तेच चित्र दुर्नय होते.

परंतु फेरफाराची नोंद राहिली एवढ्याने भागत नाही. ती नोंद वाचून तिचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे राहतो हेही पाहिले पाहिजे. २००५ साली निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाईलीत व्हाइट बॅलन्सचा आकडा कुलूपबंद केलेला आढळला, तेव्हा फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली आणि कॉफिन यांनी ते कुलूप उघडूनही दाखवले. वाद एका आकड्याचा होता, पण त्यातले तत्त्व मोठे होते: मी जे पाहिले त्याची नोंद माझीच, की तिच्या किल्ल्या बाळगणाऱ्याची? मासिक वर्गणीच्या भाडेपट्ट्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरांविषयीही माझा आक्षेप पैशाचा नाही. पट्ट्याची मुदत संपली की आपल्याच चित्रांवर पुन्हा संस्कार करण्याचा हक्क थांबतो, आणि ज्याला आपले विधान दुरुस्त करता येत नाही तो त्या विधानाचा धनी कसा म्हणावा, हा माझा आक्षेप आहे.

म्हणून, अडोबीच्या लाइटरूमची सुबकता, कॅप्चर वनची रंगांवरील हुकमत आणि डीएक्सओची भिंगांच्या दोषांवरील मेहनत यांचा पूर्ण आदर राखून, ज्या चित्रांना कागदपत्रांचे मोल आहे, उत्सवाची, वाड्यांची, हस्तलिखितांची, माणसांची चित्रे, त्यांच्यासाठी मी रॉथेरपी किंवा डार्कटेबल यांची शिफारस करीन. पहिले हंगेरीतील गाबोर होर्वाथ यांनी सुरू केले आणि २०१० साली मुक्त केले. दुसरे २००९ पासून योहानेस हानिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारले. दोहोंचा अंतर्भाग कोणालाही वाचता येतो आणि दोहोंची फेरफारनोंद साध्या मजकुराच्या फाईलीत राहते. रॉथेरपीमध्ये तर गाळण्यांच्या जाळीतून पूर्ण रंग काढण्याच्या अनेक पद्धती नावानिशी समोर ठेवलेल्या असतात. शिकागो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एमिल मार्टिनेक यांनी रचलेली ‘अमेझ’ पद्धत बारीक तपशिलाला उत्तम, आणि अंधारातल्या दाणेदार चित्राला ‘एलएमएमएसई’ अधिक मानवते. प्रत्येक पद्धत म्हणजे एकेक व्याप्ती आहे, शेजारच्या बिंदूंत रंग कसा बदलत असावा याविषयीचा एकेक नियम. आणि तलम विणीच्या उपरण्यावर जेव्हा नसलेले इंद्रधनुषी पट्टे उमटतात तेव्हा तेथे ती व्याप्ती मोडली आहे, अनुमानाचा हेत्वाभास झाला आहे, हे पाहणाऱ्याला उमगते. कोणते अनुमान योजले ते ठाऊक असेल तरच त्याचा दोष पकडता येतो. ही सॉफ्टवेअरे शिकायला कष्ट पडतात हे खरे, आणि डार्कटेबलची परिभाषा नवख्याला घाबरवते हेही खरे. पण ते कष्ट वायफळ नाहीत; जी जबाबदारी अन्यत्र अदृश्य असते ती तेथे नजरेसमोर येते, त्याचाच तो भार आहे.

एका नव्या गोष्टीविषयी मात्र मला खरोखर चिंता वाटते. शिकवून तयार केलेल्या कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने चित्रातील दाणे काढून तपशील भरण्याची रीत, डीएक्सओमध्ये २०२० पासून आणि अडोबीमध्ये २०२३ पासून, रॉ रूपांतराच्या पोटातच येऊन बसली आहे. दुरून चंदनाचे खोड पाहताच ‘हे सुगंधी आहे’ असे जे ज्ञान होते, त्यात डोळ्याने सुगंध पाहिलेला नसतो, पूर्वी घेतलेल्या वासाची स्मृती त्या पाहण्यात मिसळलेली असते. नैयायिकांनी या ज्ञानाला अलौकिक प्रत्यक्षात निराळा वर्ग दिला, आणि निव्वळ स्मृतीला तर यथार्थ अनुभवाच्या बाहेरच ठेवले. शेजारच्या बिंदूवरून रंग काढणे हे अनुमान होते, आणि त्याचा हेतू त्याच चित्रात होता. येथे भर पडते ती इतर हजारो चित्रांच्या स्मृतीतून, आणि ती स्मृती छायाचित्रकाराचीही नव्हे. अंधाऱ्या गाभाऱ्यात टिपलेल्या मूर्तीच्या डोळ्यांवरची झीज अशा संस्काराने गुळगुळीत होऊन निघाली, तर ते चित्र सुंदर असेल, पण त्या मूर्तीविषयीची साक्ष म्हणून मी ते स्वीकारणार नाही. घरगुती आठवणीसाठी कोणी ते वापरले तर माझी हरकत नाही. अभिलेखात ठेवायच्या चित्राबरोबर मात्र हा संस्कार झाल्याचा दाखला जोडलेला असावा.

यावर व्यवसाय करणाऱ्यांची एक कैफियत येते, आणि ती वाजवी आहे. लग्नसराईत ज्याला एका दिवसाची शेकडो चित्रे आठवड्याच्या आत यजमानाच्या हाती द्यायची असतात, त्याने प्रत्येक चित्रासाठी व्याप्ती आणि उपाधी यांचा ऊहापोह करीत बसावे काय? करू नये. त्याने एखाद्या सॉफ्टवेअरच्या ठराविक निर्णयांना मुखत्यारपत्र द्यावे. जगातले पुष्कळ व्यवहार मुखत्यारीवरच चालतात आणि त्यात अप्रामाणिक असे काही नाही. फक्त मुखत्यार कोण, त्याची खोड कोणती, सावळ्या वर्णाला तो उजळवतो की हळदीच्या अंगाला फिकट करतो, हे त्याने एकदा आपल्याच चित्रांवर पडताळून पाहावे, आणि त्याच्याकडे आलेल्या वधूच्या चेहऱ्याचा वर्ण तिला स्वतःला ओळखू येईल असा राखण्याइतका वेळ त्यातून काढावा. बाकीचे मुखत्याराने केले तरी चालेल. काम पोचते केल्यावर जागा वाचवण्यासाठी रॉ फाईली पुसून टाकण्याची जी वहिवाट या धंद्यात पडली आहे ती मात्र त्याने मोडावी; निदान यजमानाला विचारल्यावाचून, आणि ‘हव्या असतील तर तुमच्याजवळ ठेवा’ असे सांगितल्यावाचून, त्या पुसू नयेत, कारण त्या पुसल्या की मुखत्यारपत्र रद्द करण्याचा यजमानाचा हक्कही त्यांच्याबरोबर जातो.